राशीदभाईंची सोबत

लोक प्रवासात नातवाचे फोटो दाखवतात. राशीदभाई स्वतःच्या पोटाचे दाखवायचे. नांदुऱ्याला गाडीत बसलो की पिशवीतून पेट स्कॅनची फिल्म निघायची, खिडकीच्या उजेडात धरली जायची आणि समोरचा प्रवासी, बहुधा नुकताच डबा उघडलेला, अडकायचा. "हे पाहा, पयले इथं गाठीच गाठी. अन् हे आता. एकदम साफ!"

भाई गाद्या भरणारे. दवाखान्याच्या खुर्चीवर बसण्याआधी ती दाबून पाहणार आणि नर्सला सांगणार, "सिस्टर, याच्यात रुई नाही, चिंध्या भरल्या." मी निवृत्त शिक्षक. आमची गल्ली एक, आणि आजारही एकच निघाला: लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर. डोस घ्यायला आम्ही सोबतच अकोल्याला जायचो.

मी पाणी उकळून पीत होतो. भाई स्टेशनवरची भजी खात होते. सुरुवातीचे डोस झाल्यावर स्कॅन करतात. जिवंत गाठ त्यात चमकते, त्यावरून औषध लागू पडतंय का ते दिसतं आणि पुढचं त्यावर ठरतं. डॉक्टर भाईंना म्हणाले, "गाठी विझल्यात. एक औषध कमी करू." माझे डोस मागून सुरू झाले होते, म्हणून माझा स्कॅन दोन खेपांनी उशिरा झाला; तेव्हा मला म्हणाले, "तुमच्या छातीत अजून चमकतंय. औषध जड करावं लागेल."

जन्मभर पेपर तपासले, पण असा निकाल पाहिला नव्हता. भजी खाणारा पास आणि मी नापास! फिल्मांची अदलाबदल झाली असेल म्हणून मी स्कॅनवाल्याला हळूच विचारूनही आलो. नव्हती झाली.

माझा निकाल कळल्यापासून भाईंनी गाडीत फिल्म काढली नाही. तरी त्यांच्या डोक्यावर केस उगवताना पाहून माझा जळफळाट व्हायचाच.

त्यांचे डोस संपले तेव्हा मला हायसं वाटलं. पुढच्या वेळी स्टेशनवर पोचलो, तर भाई बाकावर हजर.

"तुमचं तं संपलं ना?"

"हाव."

"मंग आज काऊन येऊन राह्यले?"

गाडी हलल्यावर बोलले. "हाजराले हेच होतं, मास्तर." हाजरा त्यांची बायको. ती वारली, एवढंच मला ठाऊक होतं. "लगनसराई होती, गाद्यांच्या ऑर्डरी होत्या. मी तिले एकटीलेच गाडीत बसवून देत होतो. ती खिडकीतून म्हने, तुम्ही जा, दुकान उघडं हाये."

मग प्रत्येक डोसाला ते आले. शेवटच्या स्कॅनचा निकाल घ्यायलाही तेच सोबत होते. माझ्याही गाठी गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. बाहेर येऊन मी भाईंना सांगितलं. ते माझा हात धरून बसले.

मग त्यांचं लक्ष कोपऱ्यात फाईल घेऊन बसलेल्या एका बाईकडे गेलं. उठून तिच्याशेजारी जाऊन बसले. "ताई, संग कोनी नाही का?"

आमच्या गाडीची वेळ झाली होती. मी दोघांच्या पिशव्या घेऊन दारात उभा राहिलो, आणि खरं सांगतो, मला त्या बाईचा हेवा वाटला.