‘वजण’ शब्दाची दुरुस्ती

सुधारणा करणाऱ्याचा हेतू शुद्ध असला, म्हणजे परिणामांची चौकशी करण्याचे कारण उरत नाही. याच भक्कम तत्त्वावर समीक्षाने दसऱ्यानंतर गफूरभाईंच्या वजनकाट्यात एक अक्षर बदलले.

अहमदपूरच्या रस्त्यावरचा हा काटा तसा आदर्श. ट्रॅक्टर वर चढला की वजन आधी संगणकाच्या कर्नलला कळते. (हा लष्करातला नव्हे. हा संगणकाच्या पोटातला मुख्य कारभारी. दिसत कुणालाच नाही, म्हणून त्याच्याविरुद्ध तक्रारही येत नाही.) तो एक ओळ काढतो: ‘वजण ६२००’. ती वाचून बाहेरचा फलक किलोंचा आकडा दाखवतो, भोंगा तोच आकडा ओरडतो आणि लातूरच्या एका तेल गिरणीचे फाटक गाडीला आत घ्यायचे की नाही ते ठरवते. ओळ मराठीत होती, कारण लिहिणाऱ्याला भाषेचा जाज्वल्य अभिमान होता. शुद्धलेखन त्या अभिमानाच्या कक्षेबाहेर होते.

समीक्षा बिलोलीची. तिचे वडील आनंदराज मराठी शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे आलेली लग्नपत्रिका आधी तपासली जाई, मग लग्नाला जायचे की नाही ते ठरे. काटा बनवणाऱ्या नांदेडच्या कंपनीत ती लागली आणि पहिल्याच आठवड्यात तिला तो ‘ण’ दिसला. तिने ‘वजन’ केले. हात लागलाच आहे म्हणून किलोचे क्विंटलही केले, कारण बाजार क्विंटलमध्येच बोलतो. ऑफिसात टाळ्या पडल्या.

सुधारणेनंतरचा पहिला ट्रॅक्टर नागुबाईंचा. आभाळ भरून आले होते आणि सोयाबीन भिजले तर गिरणी ते घेणार नव्हती. फलकाने ‘वजण’ शोधले, ते सापडेना, म्हणून त्याने ‘काटा रिकामा’ असे जाहीर केले. (काट्यावर त्या वेळी ट्रॅक्टर, ट्रॉली, सोयाबीन आणि नागुबाई एवढेच होते.) भोंग्याला शब्दाशी कर्तव्य नव्हते. त्याने क्विंटलचा नुसता आकडा उचलला आणि सवयीने पुढे किलो जोडले: “बासष्ट किलो.”

नागुबाईंनी भोंग्याकडे शांतपणे पाहिले. “बासष्ट किलो तर मीच हाय,” त्या म्हणाल्या. “मंग सोयाबीन कुठं गेलं?”

लातूरच्या फाटकालाही हाच प्रश्न पडला. माल वाटेत सांडल्याची नोंद करून त्याने गाडीला प्रवेशबंदी केली. गाडी अजून निघायची होती.

गफूरभाईंनी फोन केला, समीक्षा नांदेडहून धावत आली. ओळ आता बरोबर आहे, वाचणाऱ्यांनी सुधारावे, असे तिने समजावले. नियमाने ते खरेच होते. पण फलकाचा प्रोग्राम लिहिणारा विनोद दुबईला होता. भोंग्याचा कुणी लिहिला हे भोंगा विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. गिरणीचा पासवर्ड ज्याला माहीत होता, तो हरिओम नोकरी सोडून राजकारणात गेला होता. रांग एसटी स्टँडपर्यंत पोचली आणि थेंब पडू लागले. नागुबाईंनी ताडपत्रीचे एक टोक न विचारता समीक्षाच्या हातात दिले.

“ताई, तुमचं बरोबर हाय,” गफूरभाई म्हणाले. “पर बरोबर होऊन काटा बंद हाय.”

समीक्षाने ते टोक ओढून ट्रॉली झाकली. मग ते दगडाखाली दाबून आत गेली आणि तिने जुनी ओळ जशीच्या तशी परत आणली. शुद्ध ओळ तिने वेगळ्या जागी ठेवली, ज्याला हवी त्याने वाचावी म्हणून. फलक उजळला, भोंगा ओरडला, फाटकाने मन मोठे केले.

संध्याकाळी तिने वडिलांना सगळे सांगितले. त्यांनी एकच विचारले.

“बाईचा माल कोरडा पोचला का?”

“हाव, बाबा.”

“मग राहू दे तो ण.”

पुढे कंपनीने परिपत्रक काढून ‘वजण’ हेच रूप अधिकृत केले. हदगावच्या नव्या काट्यावरही आता तेच आहे. नोकरभरतीच्या चाचणीत ‘वजन’ लिहिणारे नापास होतात; पेपर समीक्षाच तपासते. ताज्या पाहणीनुसार शुद्ध ओळ वाचणारे प्रोग्राम शून्य, माणूस एक. आनंदराजांनी ती लेकीकडून आपल्या मोबाइलवर लावून घेतली आहे.

आपण हसलात, हरकत नाही. आता आपले ओळखपत्र काढा आणि त्यावरचे नाव सावकाश वाचा. बँकेत त्याच नावाने हाक आली की आपण मुकाट्याने उठता. दुरुस्तीचा अर्ज आपणच अर्ध्यावर सोडला होता, कारण इतर सगळ्या कागदांवर तेच नाव आहे. आता ते बरोबर केले, तर चुकीचे आपण ठराल.