खुर्चीवर आधी बसलेला माणूस

दोन्ही राज्यांचं एकीकरण आमच्या खापरपणजोबांच्या काळीच तत्त्वतः ठरलं आहे. फक्त बैठक सुरू व्हायची आहे.

जो आधी बसेल तो धाकटा, असा दोन्हीकडचा दंडक. म्हणून दोन्ही राजदूत रोज सकाळी आमच्या रस्त्यावर, मधल्या पांढऱ्या रेषेवर मांडलेल्या टेबल-खुर्च्यांशी येतात. “बसा ना”, “छे, आधी आपण” असा आग्रह करत दिवसभर उभे राहतात आणि उभं राहण्याचा भत्ता घेऊन घरी जातात. एकीकरण खातं हे दोन्हीकडचं सर्वांत मोठं खातं असून गुडघेदुखीचा दवाखाना त्याच्याच अखत्यारीत येतो.

आमचा शिंपी रेषेच्या अलीकडे राहतो. त्याची आई पलीकडे, समोरच्याच घरात, बहिणीकडे अंथरुणाला खिळलेली. तिचा खोकला त्याला दुकानात ऐकू येई. पण भेटायचं तर आधी एकीकरण व्हायला हवं. विनवण्या करून बिचारा थकला होता.

परवा त्याला राजदूतांच्या नव्या अंगरख्यांची मापं घ्यायला त्या टेबलाशी बोलावलं. खांद्याला टेप लावतोय तोच बहीण खिडकीतून ओरडली, “दादा, आई सकाळपासून डोळेच उघडत नाहीये रे!”

शिंपी मटकन खुर्चीवर बसला.

शिंप्यालाच मग काय घडलं ते कळलं. हात जोडून तो म्हणाला, “बसलो साहेब. आम्ही धाकटे. आता करून टाका एकीकरण, मला आईकडे जाऊ द्या.”

“हा आमचा नव्हे!” दोन्ही राजदूत एकदमच म्हणाले. आपला म्हणावं तर आपलं राज्य धाकटं ठरणार! पलीकडच्या शिपायांनी परका म्हणून त्याला आत घेतलं नाही, अलीकडच्यांनी परका म्हणून परत घेतलं नाही. तो रेषेवरच राहिला.

तिन्हीसांजेला बहिणीनं सांगितलं, “दादा, आईनं डोळे उघडले. विचारतेय, जेवलास का?”

“जेवलो म्हणून सांग,” उपाशी शिंपी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. त्यानंच शिवलेले कपडे घालून आम्ही दोन्हीकडचे शेजारी हजर झालो. “हा कोणाचा?” अधिकाऱ्यांनी आम्हाला विचारलं.

“कोण जाणे! आमच्यातला वाटत नाही.”

एकीकरण ठरल्यापासून दोन्ही राज्यांचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ. शिंपी कोणाचाच नाही, हा ठराव सर्वानुमते मंजूर झाला. सर्वांमध्ये तुम्हालाही धरलं आहे. विचारायला माणूस पाठवणार होते. पण तुम्ही काही बोलणार नाही, याची दोन्ही सरकारांना खात्री होती.