कडेवरची फुली

पदक नुसतं तळहातावर ठेवा, ते किती वर्षं मिरवलं गेलं हे मी सांगतो! तराजू नको, रसायन नको. तराजू नवशिक्यांसाठी. हे वाक्य मी आमच्या जुनी लष्करी पदकं जमवणाऱ्यांच्या मंडळात इतक्यांदा म्हटलंय, की मी तोंड उघडलं की बटणवाले ओठ हलवून ते माझ्याबरोबर म्हणतात. (हे गृहस्थ गणवेशांची बटणं जमवतात, म्हणून बटणवाले.)

आदल्याच दिवशी मी कीर्तनाला गेलो होतो. बुवांनी अहंकारावर असं काही निरूपण केलं, की मी पंच्याने दोनदा डोळे पुसले. शेजारच्यालाही म्हणालो, "हे काही लोकांनी ऐकायला हवं होतं." मला बटणवाले अभिप्रेत होते.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या बैठकीत एक आजी नातीचा हात धरून आल्या. यजमान सैनिक होते, वर्षापूर्वी गेले. माजी सैनिकांच्या सभागृहात काचेच्या कपाटात त्यांचं पदक ठेवायचं ठरलं होतं. पण डबीत निघाली दोन! हुबेहूब सारखी. एक खरं, दुसरं बाजारातून आणलेली नक्कल. त्यांच्या मोहिमेच्या पदकांवर नाव कोरत नसत, आणि आजींना डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं.

"चुकीचं ठेवलं तर त्यांना काय वाटेल?" आजी म्हणाल्या.

"आता चुकणार नाही," मी म्हणालो आणि भिंग डोळ्याला लावलं.

पहिलं पदक कोरं, गुळगुळीत, जसं काही काल टांकसाळीतून निघालेलं. दुसरं काळवंडलेलं आणि कडेला चिक्कार पोचे. मला आनंदाचं भरतं आलं. छातीवर शेजारी शेजारी लावलेली पदकं चालताना एकमेकांवर आपटतात, त्यातून असे पोचे पडतात. मी उभा राहिलो. बुवा पूर्वरंग संपवून उत्तररंगात शिरतात तसा शिरलो.

"मंडळी, हा एकेक पोचा म्हणजे एकेक संचलन आहे. निदान बारा वर्षं हे पदक रोज मिरवलंय!"

"बारा बरोबर," आजी म्हणाल्या, "पण ते असं झालं, की आमच्याकडे..."

"आजी, थांबा. पदकाला बोलू द्या."

बटणवाल्यांनी काळवंडलेला भाग जरा पुसून बघायला सुचवलं. मी त्यांचा हात वरच्यावर धरला. जुन्या पदकाचा मळ पुसायचा नाही, हा आमच्यातला पहिला नियम. तेवढ्यात पदकाच्या कडीत अडकलेला एक आखूड तपकिरी केस दिसला.

"घोड्याचा!" मी म्हणालो. "घोडदळ!"

"ते पायदळात होते," नात म्हणाली.

"मग शेजारून घोडदळ गेलं असेल."

आजींनी पुन्हा काही सांगायला तोंड उघडलं. मी पुन्हा हात वर केला. तिसऱ्यांदा त्यांनी तोंड उघडलं आणि नातीकडे बघून मिटलं.

आता राहिली नक्कल. पुढे कुणी फसू नये म्हणून मंडळ नकलेच्या कडेवर छिन्नीने छोटी फुली मारतं. मी रीतसर परवानगी विचारली. आजी म्हणाल्या, "तुम्हाला कळतं ते करा." मी गुळगुळीत पदक ऐरणीवर उभं धरलं आणि हातोडी घातली.

नकलेवरचा चांदीचा मुलामा फुटला की आतून पिवळं पितळ दिसतं. फुली पांढरीशुभ्र होती. तळापर्यंत चांदी!

मी झटकन दुसरं पदक उचललं आणि एक पोचा अंगठ्याच्या नखाने खरवडला. पिवळं.

कुणाला काही कळलं नव्हतं. मी डबी मिटून दिली असती, तर नक्कल कपाटात गेली असती, खरं पदक अडगळीत आणि मी जेवायला. पण आदल्या दिवशीचे बुवा कानात उभे होते, आणि पंचा अजून ओला होता. मी खाली बसलो.

"आजी, मी चुकलो. ज्याच्यावर फुली मारली, तेच खरं पदक आहे."

बटणवाल्यांनीसुद्धा, देव त्यांचं भलं करो, माझ्याकडे बघायचं टाळलं.

"मी तीनदा सांगायला गेले," आजी शांतपणे म्हणाल्या. "त्यातलं एक आमच्या कुत्र्याच्या पट्ट्याला होतं. बारा वर्षं. परवान्याच्या बिल्ल्यावर आपटून दिवसभर खणखण वाजायचं. कुत्रा गेल्यावर यांनीच ते डबीत ठेवलं. म्हणायचे, पहारा तर हाच देतो."

"आणि खरं?"

"ते कधी लावलंच नाही. बरोबरचे सगळे परत आले असते तर लावलं असतं, म्हणायचे."

इतका वेळ मी ज्याला कोरं म्हणत होतो, ते असं कोरं होतं. माझ्याच्याने भिंग उचलवेना. कानशीने फुली घासून काढतो म्हणालो, तर आजींनी पदक पदरात घेतलं. "नको. आणखी काही करू नका."

पुढच्या महिन्यात त्यांनी मला सभागृहात आवर्जून बोलावलं. पदक काचेआड नीट लावलेलं होतं, आणि तिथले रखवालदार पंधरावीस पाहुण्यांना समजावून सांगत होते. "कडेवरची ही खूण बघा. थेट रणांगणावरची! जाणकाराच्या नजरेला लगेच कळतं."

पाहुणे हळहळले. आजींनी मला कोपराने ढोसलं.

"सांगा की," त्या हळूच म्हणाल्या, "कुठल्या शत्रूने मारली ते."

मी घाईघाईने खाली वाकलो आणि बुटाची नाडी बांधू लागलो.

माझ्या पायात चपला होत्या.