बर्फ्याची भाकरी

मी आणि माझी बायको चंपा, दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते ज्वारीचं पीठ चाळायचं. चाळण माझ्या हातात. तिच्या अंगात जोर नव्हता, म्हणून ती बाजेवरून नुसती बघत होती आणि चुका काढत होती.

“हलवा की जरा. दिवा धरल्यागत काय धरलीय.”

मी हलवली. निम्मं पीठ धोतरावर पडलं. ती म्हणाली, “बर्फ्याला आज चाळण जमली.”

बर्फ्या कोण, ते सांगतो. बर्फ्या जपानी होता.

चंपाच्या गळ्याला गाठ झाली, तेव्हा मी तिला मुंबईला धाकट्या मेव्हणीकडं ठेवली. तीन महिने दवाखान्यात विजेचा शेक घेत होती. मेव्हणीच्या शेजारी एका मास्तरांनी टीव्ही घेतला होता. दर गुरुवारी संध्याकाळी त्यावर एक जपानी गोष्ट लागायची. खाली इंग्रजी अक्षरं यायची, ती मास्तर मराठीत वाचून दाखवायचे. गोष्ट प्रेमाची. तो बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलणारा, रेड्यासारखा दांडगा. ती चष्मेवाली, मुलींना गाणं शिकवणारी, त्याच्या छातीलाही पुरत नव्हती. नावं चंपाच्या जिभेवर बसेनात, म्हणून तिनं त्याला बर्फ्या आणि तिला मास्तरीण करून टाकलं.

सोलापुरात तेव्हा टीव्ही कुणी बघितला होता? आमच्या गिरणीच्या चाळीत बाया दारात बसून विड्या वळायच्या. चंपा परत आली ती बर्फ्याला घेऊनच. गुरुवार आला की धुतलेलं लुगडं नेसायची, उंबऱ्यावर बसायची आणि सुरू. बर्फ्या कसा वाकून नमस्कार करतो, ते उठून करून दाखवायची. मास्तरीण रुसली की स्वतः तोंड फिरवून बसायची. बायांच्या सुपातली पानं वाळून जायची, विडी वळून व्हायची नाही.

मला ह्याचा राग. मी पस्तीस वर्षं गिरणीत काढली, चौथी शिकलो, बायकोनं परक्या मर्दाचं कौतुक करायचं म्हणजे काय? एकदा बोललो, “लाज वाटती का? ह्या वयात प्रेमाच्या गोष्टी सांगतीस.”

“तुमी कवा सांगितल्या न्हाईत, म्हणून मी सांगते,” ती म्हणाली. बाया हसल्या. मी तंबाखू मळत बाहेर जाऊन बसलो. पण ऐकू सगळं यायचं.

मग गोष्टीला काहीतरी झालं. प्रेम पातळ व्हायला लागलं. बर्फ्या एक गुरुवार नुसता स्टो पेटवत बसला. आधी पिन मारायची, मग काकडा, मग पंप, भडका उडाला तर पळायचं नाही. पुढच्या गुरुवारी भात. पाणी बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत. त्याच्या पुढं मीठ डाव्या बरणीत, साखर उजव्या बरणीत, आणि त्यानं चहात मीठ घातलं म्हणून मास्तरणीनं त्याला चहा पुन्हा करायला लावला.

शेजारची लक्षमम्मा तेलुगू, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, “वैनी, लव कुटं गेलं वो? महिना झाला, नुस्ता भातच शिजवायलाय त्यो.”

“शिकायलाय,” चंपा म्हणाली. “जपानी हाय तरी शिकतोय. आपले बघा.”

‘आपले’ म्हणजे मी. चाळीस वर्षांच्या संसारात मी चुलीपुढं बसलो नव्हतो. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात यायचा. ती दर गुरुवारी हे बोलायची, आणि मी दर गुरुवारी बाहेरून खाकरायचो.

लक्षमम्मानं एकदा विचारलं, “शेवटी लगीन हुतं का न्हाई त्येंचं?”

“शेवट मला घावला न्हाई,” चंपा म्हणाली. “त्या दिवशी माझी गाडी हुती.”

हे माझ्या डोक्यात बसलं. गाठ परत वाढली होती. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता शेक नको, घरीच ठेवा. तिचा आवाज बसत चालला, बाया सरकून सरकून तिच्या तोंडाजवळ यायच्या. मला वाटलं, बाई शेवट कळल्याशिवाय जाणार. म्हणून तिला न सांगता साडूला कार्ड टाकलं. आठ दिवसांनी उत्तर आलं.

“शेवटचा भाग अक्कांनी आमच्यासंगंच बघितला. त्यात ती बाई आजारानं मरते. तो माणूस एकटा घरी येतो, चूल पेटवायला बसतो, त्याला काडी ओढता येत नाही. तिथंच संपलं. अक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत.”

मी कार्ड दोनदा वाचलं आणि टोपीत घातलं. पुढच्या गुरुवारी मात्र बाहेर गेलो नाही. दाराच्या आत, भिंतीला टेकून बसलो. तिनं बघितलं. त्या दिवशी बर्फ्यानं फोडणी शिकली, आणि मोहरी तडतडल्याशिवाय जिरं टाकायचं नाही हे तिनं तीनदा सांगितलं. आवाज फाटलेला, तरी तीनदा.

भाकरी तिनं शेवटाला ठेवली होती. म्हणायची, अवघड हाय, एकदम कशी येईल. पण आता तिला स्वतःला पेजही गिळवत नव्हती. त्या संध्याकाळी बाया नव्हत्या, गुरुवारही नव्हता. तिनं मलाच चाळण धरायला लावली.

पीठ चाळून झालं. मी विचारलं, “आता?”

“आता उकळतं पाणी. गार पाण्यानं भाकरी चिरती.” मग दम खाल्ला. “पुढं बर्फ्या काय करतो, तुमी सांगा.”

“मला काय ठाऊक. तुझा माणूस हाय त्यो.”

“व्हय की,” ती म्हणाली. “माझाच हाय.”

बाकीचं उद्या सांगते म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या भोंग्याला ती गेली. संध्याकाळी तिला पोचवून आलो.

सकाळी उठलो. चाळलेलं पीठ परातीत तसंच झाकलेलं होतं. मी स्टोला पिन मारली, काकडा लावला, पंप केला. भडका उडाला, पळालो नाही. पाणी उकळलं, पिठात ओतलं, हात भाजला.

लक्षमम्मा झाकलेला भात घेऊन आली. दारातच थांबली. “अण्णा, राख सावडली न्हाई अजून. सुतकात चूल कशाला पेटवली? मी आणलंय की.”

“भाकरीचं राहिलंय,” मी म्हणालो.

तिनं परातीकडं बघितलं, स्टोकडं बघितलं. भात खाली ठेवला आणि माझ्या शेजारी बसली.

“लई पाणी झालंय,” ती म्हणाली. “अजून पीठ घ्या. आन् तव्यावर टाकल्यावर वरनं पाणी फिरवायचं. वैनी तसंच करायच्या.”

पहिली भाकरी दोन ठिकाणी फाटली आणि एका बाजूनं करपली. मी ती ताटात घेतली. मीठ डाव्या बरणीतलं घेतलं, आणि खाल्ली.