बायकोचे जंतू

ड्राफ्ट्समनच्या मोठ्या आतड्याला सूज होती आणि गेली काही वर्षं त्याचं निम्मं आयुष्य संडासातच चाललं होतं. मोठ्या दवाखान्यातल्या संशोधक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा प्रयोग करून बघू, नाहीतर आतडं काढावं लागेल. निरोगी माणसाच्या शौचातले चांगले जंतू कॅप्सूलमध्ये भरून तुम्हाला द्यायचे."

बायकोने तोंड लावलेला पेला दोनदा विसळून घेणारा हा माणूस. त्याने डोळेच मिटून घेतले.

घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. भाऊ बाद, मुलगा बाद. पास झाली ती एकटी बायको.

"बाहेरचं कोणी मिळणार नाही का हो?" त्याने हळूच विचारलं.

"काकूंचं पोट म्हणजे सोनं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लग्न झाल्यापासून आपल्या कशालाही कोणी सोनं म्हटल्याचं बायकोला आठवेना.

तिच्या शौचाच्या डब्याला घरात कोणी हात लावेना, म्हणून रोज सकाळी तो तिनेच दवाखान्यात पोचवायचा. बाकी मात्र तिची बडदास्त सुरू झाली. तिचे घास मोजत आलेल्या सासूबाई आता तिच्या ताटात वाढू लागल्या. "सूनबाई, भाजी संपव. माझ्या मुलाच्या पोटात जायचंय ते." नवरा उठल्याउठल्या विचारी, "झोप लागली ना? पोट साफ झालं?" नातेवाईक फोनवर तिच्या जंतूंची खुशाली विचारत. तिची कोणी विचारत नसे.

ड्राफ्ट्समनला उतार पडू लागला आणि नेमकी तिची दाढ सुजली. दातांच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. नवऱ्याने गोळ्यांचं पाकीट हातातून काढून घेतलं.

"अगं, हे घेतलंस तर माझे जंतू मरतील."

"तुमचे?"

"बरं, आपले. थोडी कळ काढ."

"अहो, दाढ माझी आहे."

"आणि आतडं माझं आहे."

सासूबाईंनी गोळ्या आपल्या कपाटात ठेवल्या. "मिठाच्या गुळण्या कर. आम्ही काय बाळंतपणं गोळ्या खाऊन केली?" भेटायला आलेली नणंद म्हणाली, "वहिनी, धन्य आहेस गं तू." तिला उत्तर द्यायचं होतं, पण जबडा उघडत नव्हता.

आठवडाभराने डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "काकू, काकांना पुढे लागेल तेवढा साठा आमच्याकडे झालाय. तुम्ही सुटलात. आता कुठलंही औषध खुशाल घ्या."

सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या. तिने कपाट उघडलं, गोळी काढली आणि गिळली.

"कोणाचा फोन गं?" नवरा तिचं ताट घेऊन आला.

"डॉक्टरीणबाईंचा. अजून वर्षभर तरी डबा लागेल म्हणाल्या."

"लागू दे की. तू बस, मी वाढतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धुतलेला रिकामा डबा पिशवीत घालून निघाली. दवाखान्याच्या अलीकडे एक बाग होती. उन्हातला बाक बघून ती बसली आणि तासभर कोणाच्याही पोटाचा विचार न करता बसून राहिली.