घुंगरं कोणी चोरली?

दिगंबरभाऊंना दह्याची वाटी दिली की ते आधी वाटीकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि विचारतात, "काहून देऊन राह्यल्या?" शेजारधर्म म्हटलं तर पटत नाही. "मापल्याबिगर काही मानायचं नाही," हे त्यांचं ब्रीद. शेजारधर्म मापायचं मीटर अजून निघालेलं नाही.

पुसदला आमच्या पिठाच्या चक्कीला लागून त्यांची खोली आहे. पूर्वी तिथं गाण्यांच्या कॅसेटी भरत. आता दारावर पाटी आहे, 'मिक्सर दुरुस्त करून मिळेल'. नवी नवरी असताना मी भोळेपणानं चटणीचा मिक्सर घेऊन गेले. भाऊंनी तो उलटा केला, हुंगला आणि विचारलं, "कोनं पाठवलं तुमाले?" त्यांचा मिक्सर म्हणजे खाटेएवढं जुनं यंत्र. गाणाऱ्याचा, ढोलकीचा आवाज वेगवेगळा घेऊन जुळवणारं. वर बटणांच्या रांगा आणि डोलणारे काटे. आमची चक्की सुरू झाली की ते यंत्र घुमतं म्हणे. मग भिंतीवर थाप पडते, "वैनी, तुमचा आटा माह्या लाइनीत येऊन राह्यला!" गिऱ्हाइकं हसतात, मी चिडते.

दारावरची बेल कितीही दाबा, भाऊ उघडत नाहीत. आत गेलं की वर ऐकवतात, "चोरावानी येता, बेल काहून नाही वाजवत?"

यंदा कापूस वेचणीला आला तेव्हा नवाच संशय निघाला. तांड्यावरच्या बायांच्या गाण्याची एक टेप भाऊंनी जवानीत भरली होती. यंत्र नीट लागलं की नाही, ते याच टेपवर पारखतात. त्यात बायांच्या घुंगरांची बारीक छनछन आहे.

"वैनी, माहे घुंगरं कोनं तरी चोरले," ते म्हणाले.

पहिला आरोपी यंत्रातला कंडेन्सर. डुप्लिकेट असला तर बारीक आवाज गिळतो म्हणे. भाऊंनी एकेक काढून मापला, नागपूरहून नवे मागवले. घुंगरं आली नाहीत. मग दुकानदारावर संशय, मग कुरिअरवाल्यावर, शेवटी माझ्यावर.

"खोलीची चाबी तुमच्याकडंच राह्यते."

चाबी त्यांनीच दिलेली, एकट्याला काही झालं तर असावी म्हणून. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी चक्की बंद केली, पिठाच्या हातानंच त्यांच्या खोलीत गेले. "लावा टेप. माह्यासमोर लावा."

टेप फिरली. बाया गाऊ लागल्या आणि घुंगरं लख्ख वाजली, अख्ख्या खोलीत.

"हे काय वाजून राह्यले मग? घुंगरंच तर हायेत!"

भाऊ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग काट्याकडे वळले. "काटा तर हालून राह्यला," ते हळूच म्हणाले. "मले वाटे, काटाच खोटं बोलते."

मला एकदम दारावरची बेल आठवली. तीही अशीच बारीक वाजते. माझा राग कुठल्या कुठं गेला.

भाऊंनी यंत्रावरची धूळ बाहीनं पुसली. "म्हंजे मशीन साफ हाये," ते म्हणाले. "बेचारीले उगाच खोलत बसलो."

मग त्यांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं. "बसा वैनी. पुन्हा लावतो. घुंगरं वाजले का बोट ठोकत जा."

टेप लागली. मी टेबलावर बोट ठोकत गेले. भाऊंनी एकदाही काट्याकडे पाहिलं नाही. ते माझ्या पिठानं माखलेल्या बोटाकडे बघत मान डोलवत होते.