सावंतकाकींची कयाक

सावंतकाकी नवा माणूस भेटला की आधी वय विचारतात, नाव नंतर. आकडा सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला, "पूर्ण की चालू?" मी गोराईच्या या इमारतीत राहायला आलो तेव्हा सामानाचा टेम्पो खालीच उभा होता आणि मी गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेऊन तिसरा मजला चढत होतो. इमारतीला लिफ्ट नाही. काकी दारात उभ्या. मी धापा टाकत बेचाळीस म्हणालो, चालू म्हणालो. त्यांनी एकदा सिलिंडरकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि बीपी तपासून घे म्हणाल्या.

यात खवचटपणा काही नव्हता. काकींनी चौतीस वर्षं एका सरकारी कचेरीत मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर काढली होती. जन्माची खिडकी शेजारीच. तिथे रोज पेढे यायचे. काकींच्या खिडकीवर चौतीस वर्षांत कुणी एक पेढा ठेवला नाही. समोर आलेला प्रत्येक माणूस आज ना उद्या फॉर्ममध्ये बसणार आहे, अशा नजरेनेच त्या जगाकडे बघायला शिकल्या. इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाचा वाढदिवस असला की बाकीचे केक आणि फुगे टाकत. काकी लिहीत, "छप्पन्न पूर्ण. काळजी घ्या." कुणाकडे मयत झालं की शेजारणी चहाचा थर्मास घेऊन जात आणि काकी कोरे फॉर्म घेऊन. लोक मागून नावं ठेवत. पण रडून झालं की सगळे काकींनाच हाक मारत, कारण कुठला कागद कुठे लागतो हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नसायचं.

सावंतकाका याच्या अगदी उलट. मालवणकडचे, हसरे, गोरेगावच्या स्टुडिओत सेटवर सुतार. प्लायवुडचे राजवाडे उभे करायचे आणि महिन्याभराने मोडायचे, यात आयुष्य गेलं. त्यांचा खरा जीव मासे पकडण्यात. रविवार उजाडला की गळाची काठी घेऊन जेट्टीवर. काकी सातारच्या. मासे खायलासुद्धा लग्नानंतर शिकलेल्या, आणि तेही तळल्यावर. कच्चे मासे त्यांना सगळे सारखेच. काका निघाले की त्या दारातून सांगत, एक दिवस माझ्याच खिडकीवर तुमचं नाव येईल. काका हसत जिना उतरत.

निवृत्तीनंतर काकांनी मोबाईलवर कयाक बघितली. एका माणसाची, वल्ह्याने चालवायची लांबट होडी. गळाची काठी खोचायला तिला खाचा असतात. ते तिचे व्हिडिओ मलाही दाखवत. तीन वर्षं त्यांनी काकींची मनधरणी केली. काकींचं उत्तर एकच. "पाण्यात पडायला पैसे कशाला द्यायचे? खाडी फुकट आहे."

मग एका सकाळी दाढी करताना काकांच्या हातातून ब्रश पडला. तो उचलायला ते वाकले आणि परत उभे राहिले नाहीत. उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. दिवसाला चारपाच शब्द, तेही अर्धे. घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. खोलीत काकांचा पलंग, पलंगासमोर खिडकी, खिडकीत समोरच्या इमारतीचे पाइप. काकींनी वर्षभर सगळं केलं. भरवणं, पुसणं, कूस बदलणं. डोळ्यांत पाणी कुणी पाहिलं नाही. बाई दगड आहे, असं पहिल्या मजल्यावर बोललं जायचं.

दिवाळी झाली आणि काकी एक दिवस माझ्या दारात येऊन म्हणाल्या, संजू, सुट्टी टाक, अंधेरीला जायचंय. कशाला ते टॅक्सीत बसल्यावर सांगितलं. अंधेरीत एका गृहस्थाची कयाक विकायला होती. ते कॅनडाला चालले होते. नवव्या मजल्याच्या बाल्कनीत पोपटी रंगाची ती लांबलचक वस्तू कपड्यांच्या दोरीखाली आडवी पडली होती. गृहस्थ उत्साहाने वजन, लांबी, बसायची पद्धत सांगू लागले. काकींनी ते सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"यात कुणी गेलंय का?"

ते म्हणाले, हो, मी दोनदा गेलोय, मढच्या बाजूला. काकींनी प्रश्न नीट समजावून सांगितला. मग ते गृहस्थ जरा बसले. नाही, कुणी नाही, म्हणाले. काकींनी त्यांचं वय विचारलं, पूर्ण की चालू तेही विचारलं, आणि व्यवहार झाला. खाली टेम्पो आणलेला होता. लिंक रोडभर मी मागे कयाकवर पालथा पडून आलो. सिग्नलला रिक्षावाले विचारत होते, भाऊ, पूर आलाय का.

तिसऱ्या मजल्यापर्यंत ती चढवायला सहा माणसं लागली. सेक्रेटरी खाली वही घेऊन उभे. हे वाहन की फर्निचर, एवढंच त्यांना हवं होतं. वाहन असेल तर पार्किंगचा प्रश्न येतो. काकी म्हणाल्या, फर्निचर लिहा.

कयाक काकांच्या पलंगाला लागून ठेवली. तिचं टोक स्वयंपाकघरात ओट्यापर्यंत गेलं. काका बराच वेळ नुसते बघत राहिले. मग डावा हात खाली सोडून तिच्या कडेवरून फिरवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पण झटक्यानंतर त्यांच्या डोळ्यांतून ते तसंही यायचं, त्यामुळे आम्हाला काही ठरवता आलं नाही. काकी त्यांना म्हणाल्या, "तुम्हाला नाही जमणार. मी जाते. तुमच्यासाठी ताजे मासे आणते."

आठ दिवस घरातच सराव चालला. काकी कयाकमध्ये बसत, हातात झाडूचा दांडा धरून वल्हवत, आणि काका पलंगावरून डाव्या हाताने खुणा करत. चुकलं की पलंगाच्या पाटीवर टकटक. बत्तीस वर्षांच्या संसारात काकींनी त्यांचं एवढं पहिल्यांदाच ऐकलं असावं.

रोज तीन मजले उतरवणं शक्य नव्हतं. म्हणून कयाक जेट्टीजवळ फिलूबाईंच्या जाळ्यांच्या शेडमध्ये ठेवायचं ठरलं. फिलूबाई मासे विकतात, त्यांचा नवरा डॉमनिक होडी चालवतो. पहिल्या दिवशी डॉमनिकने कयाकला लांब दोर बांधला आणि दुसरं टोक आपल्या हातात धरलं. काकी पंजाबी ड्रेसवर नारिंगी लाइफ जॅकेट घालून बसल्या. पोहता येत नव्हतंच. कयाक जागच्या जागी तीनदा गोल फिरली, मग उलटी निघाली, मग तिवरांच्या कडेला जाऊन थांबली. तोवर ओहोटी लागली होती. पाणी गेलं आणि काकी चिखलात बसल्या त्या बसल्याच. डॉमनिकने दोर ओढायची तयारी दाखवली. त्यांनी हातानेच नको म्हटलं. भरती येईपर्यंत त्या तिथे एकट्या बसून होत्या, पाठ आमच्याकडे करून. मला वाटलं, आता कयाक विकणार. जेट्टीवर चढल्या तेव्हा कमरेपर्यंत चिखल होता आणि चेहरा मात्र झोप झाल्यासारखा. म्हणाल्या, मंगळवारी परत येऊ.

मग मंगळवार आणि शनिवार ठरून गेले. काकी सकाळी आठला निघत, साडेदहाला परत. तेवढा वेळ मी लॅपटॉप घेऊन काकांजवळ बसायचो. येताना पिशवीत मासा असायचाच. पहिल्या मंगळवारी काकींनी ताटलीत एक पापलेट आणून काकांपुढे धरलं आणि म्हणाल्या, मिळाला बघा गळाला. काकांनी पापलेटकडे बघितलं, तोंड भिंतीकडे केलं आणि त्यांचे खांदे गदगदायला लागले. दुसरा झटका आला म्हणून मी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर येईपर्यंत काका शांत झाले होते. शनिवारी बांगडे आले, मंगळवारी सुरमईची तुकडी. तुकडी बघून मीही चरकलो. काका मात्र दर वेळी मासा नीट बघत, डाव्या हाताचा अंगठा वर करत आणि दोन घास जास्त जेवत.

एकदा काकी खाडीवर गेल्या असताना काकांनी मला खुणेने जवळ बोलावलं. शब्द जुळवायला त्यांना बराच वेळ लागला.

"बरफातलो," ते म्हणाले. मग श्वास घेतला. "इकत हाडता ती. तिका सांगू नको."

त्यांच्या तोंडाचा चालणारा अर्धा भाग हसत होता. काकी मासे विकत आणतात हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं; तेव्हा कुठे मला पापलेटच्या दिवशीच्या त्या खांद्यांचा अर्थ कळला.

फाल्गुनातल्या एका शनिवारी बारा वाजून गेले तरी काकी परतल्या नाहीत. फोन बंद. समोरच्या वहिनींना काकांजवळ बसवून मी जेट्टीवर धावलो. डॉमनिक म्हणाला, बाई बरी असेल, चल दाखवतो. तिवरांमधल्या एका वळणावर त्याने मशीन बंद केलं आणि होडी नुसती वाहू दिली.

लांबून पोपटी रंग दिसला. काकी आमच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. काकांची काठी खाचेत खोचलेली. त्या रडत होत्या. लहान मूल रडतं तसं, तोंड उघडून, सगळ्या आवाजाने. मधेच थांबल्या, बाटलीतलं पाणी प्यायल्या, झाकण घट्ट लावलं आणि पुन्हा सुरू झाल्या.

डॉमनिक हळू आवाजात म्हणाला, "ती नेहमी तिथंच बसते. आम्ही त्या अंगाला जाळं टाकत नाय. तिच्या दोरीला गळ पन नाय."

मी त्या एका खोलीचा विचार करत होतो. काकांचे कान शेवटपर्यंत तिखट होते, हुंदका तर सोडाच, नाक ओढलेलंही त्यांना ऐकू जायचं. डॉमनिकने वल्ह्याने होडी वळवली. तासाभराने काकी घरी आल्या, पिशवीत दोन हलवे घेऊन. आज मासे लागायला वेळ झाला, म्हणाल्या. काकांनी अंगठा वर केला. मी दोघांकडेही न बघता लॅपटॉप मिटला.

पावसाळ्यात खाडी बंद झाली. त्या चार महिन्यांत काकी निम्म्या झाल्या. गणपती गेल्यावर पंधरा दिवसांनी, दुपारी पेज भरवताना, काका गेले. फॉर्म काकींनी स्वतः भरला. अक्षर नेहमीसारखं स्वच्छ, एक खाडाखोड नाही. फक्त सही कुठे करायची ती जागा त्यांना सापडेना. मी बोट ठेवून दाखवली.

मला वाटलं होतं, आता खाडी सुटेल. आता घर मोकळं होतं, ऐकणारं कुणी नव्हतं. पण दिवाळीनंतरच्या पहिल्याच मंगळवारी काकी काठी घेऊन निघाल्या. मी पोचवायला जाऊ का विचारलं तर नको म्हणाल्या. डॉमनिकने नंतर सांगितलं की त्या दिवशी त्यांनी त्याच्याकडून दोरीला गळ बांधून घेतला आणि कोळंबी लावून घेतली.

साडेदहाच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. भरभर आली, तिसऱ्या मजल्यावर थांबली. मग कुलपाचा आवाज यायला हवा होता तो आला नाही. थोडा वेळ थांबून मी दार उघडलं. काकी त्यांच्या बंद दारासमोर उभ्या होत्या. किल्ली कुलपात घातलेली, फिरवलेली नाही. दुसऱ्या हातात प्लास्टिकची बादली. बादलीत वीतभर पाणी आणि त्यात बोटाएवढा चंदेरी मासा, जिवंत.

"हा मी पकडला रे," त्या म्हणाल्या. "खरंच मी पकडला. दाखवायला म्हणून धावत आले."

किल्लीवरचा हात त्यांनी काढून घेतला. बादली खाली ठेवली आणि तिच्याशेजारी पायरीवर बसल्या. मीही बसलो. मासा बादलीच्या कडेकडेने गोल फिरत होता. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, संजू, हा कुठला रे?

मी वाकून बघितलं. मला मासे फक्त ताटातले ओळखता येतात. त्याचं नाव सांगू शकेल असा माणूस आमच्या मजल्यावर एकच होता.